पायथन लायब्ररी शोधण्याचं स्वतःचं साधन, एका एसक्यूलाइट फायलीत

टर्मिनलमध्ये 'पिप सर्च' (पिप म्हणजे पायथन पॅकेजेस बसवायचं साधन) लिहून पुढे एखादा शब्द टाकला की पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठारातली जुळणारी पॅकेजेस समोर यायची, ही सोय आता इतिहासजमा झाली आहे. त्या सेवेवर विनंत्यांचा इतका भडिमार व्हायला लागला की डिसेंबर २०२० मध्ये ती बंद करावी लागली आणि नंतर कायमचीच गेली. पायपीआयवर आज ५ लाखांहून जास्त प्रकल्प आहेत. संकेतस्थळावर शोधपेटी आहे, पण 'पीडीएफमधून टेबल काढायचंय' असा प्रश्न घेऊन गेलात, तर वर्षानुवर्षं सांभाळलेली लायब्ररी आणि कुणीतरी एका दुपारी टाकून विसरलेली लायब्ररी एकाच रांगेत दिसतात.

म्हणून आपलं स्वतःचं छोटं साधन करू. लागणारं सामान थोडं आहे: पायथन, त्याच्यासोबतच येणारं एसक्यूलाइट (एकाच फायलीत मावणारा डेटाबेस) आणि एक रात्र चालू राहील असं इंटरनेट. कोड इथे तयार देत नाही. प्रत्येक पायरी अशी सांगतो की जेमतेम पायथन येणाऱ्यालाही ती लिहून काढता यावी. शब्द शोधण्याचं यंत्र एसक्यूलाइटमध्ये आयतं आहे. त्यात भरायचं काय आणि दोन जुळणाऱ्या उत्तरांपैकी वर कुणाला ठेवायचं, इथेच सगळी मेहनत आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात.

पायरी १: आधी प्रश्नांची यादी

एडिटर उघडण्याआधी एका साध्या फायलीत पंचवीस-तीस प्रश्न लिहा. प्रत्येक प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर लिहा. प्रश्न तुमच्या कामातले हवेत आणि घाईत जसे टाइप कराल तसेच हवेत. 'प्रोग्रेस बार' लिहिल्यावर टीक्यूडीएम यायला हवं. 'रीड एक्सेल' लिहिल्यावर ओपनपायएक्सएल आणि पांडाज. 'पीडीएफ टेबल' लिहिल्यावर पीडीएफप्लंबर, कॅमेलॉट, टॅब्युला. 'रिट्राय' लिहिल्यावर टेनॅसिटी, 'फझी मॅच' लिहिल्यावर रॅपिडफझ. नावंच चुकीची लिहिलेले दोन-तीन प्रश्नही घाला, कारण आपण सगळेच तसं लिहितो.

ही फाइल पुढच्या सगळ्या वादांचा निकाल लावते. ती नसेल तर 'आता जरा बरं वाटतंय' एवढ्यावर क्रमवारीची वजनं बदलत बसाल.

पायरी २: कोणती पॅकेजेस घ्यायची

पायपीआय आपल्या सगळ्या प्रकल्पांची नावं 'सिंपल' नावाच्या पत्त्यावर देतं, आणि हवं तर जेसन रूपातही (प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशा मजकुरात) देतं. ती सगळी घ्यायचा मोह होईल, पण घेऊ नका. त्या लाखोंमध्ये रिकामी पॅकेजेस, नावं अडवून ठेवलेली पॅकेजेस आणि विद्यार्थ्यांच्या सरावाची पॅकेजेस खच्चून भरलेली आहेत.

त्याऐवजी 'टॉप पायपीआय पॅकेजेस' ही जेसन फाइल घ्या. मागच्या ३० दिवसांत सर्वाधिक डाउनलोड झालेली पॅकेजेस आकड्यांसकट त्यात असतात, सध्या १५,०००. त्यात तुमच्या जुन्या प्रकल्पांच्या रिक्वायरमेंट्स फायलींतली नावं मिसळा. मग तुमच्या क्षेत्रातली कमी खपाची पण उपयोगी नावं हातानं घाला. देवनागरीवर काम करणाऱ्यांनी हे आवर्जून करावं: इंडिक-ट्रान्सलिटरेशन किंवा इंडिक-एनएलपी-लायब्ररी यांसारखी पॅकेजेस जागतिक डाउनलोडच्या आकड्यांत मागेच राहणार.

नावं साठवताना एक नियम पाळा. पायपीआयच्या लेखी मोठी-लहान अक्षरं, डॅश, अंडरस्कोर आणि टिंब यांत फरक नाही. सगळं लहान अक्षरांत घ्यायचं आणि ही चिन्हं सलग कितीही आली तरी त्यांच्या जागी एकच डॅश ठेवायचा, असा पेप ५०३ या पायथनच्या अधिकृत दस्तऐवजाचा नियम आहे. तो पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर एकच पॅकेज दोनदा भरलं जातं.

पायरी ३: माहिती आणणे, बेतानं

प्रत्येक पॅकेजची माहिती जेसनमध्ये मिळते: एका ओळीचा सारांश, कीवर्ड, वर्गीकरण, परवाना, लांबलचक वर्णन आणि ताज्या आवृत्तीच्या फायली कधी चढवल्या ती तारीख.

पायपीआयची यंत्रणा भक्कम आहे, तरी काही मिनिटांत हजारो विनंत्या मारू नका, एकामागून एक सावकाश करा, असं तिच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय. सेकंदाला एक विनंती धरली तर १५,००० पॅकेजेसना चार तास दहा मिनिटं लागतात. झोपायच्या आधी चालू करा. विनंतीच्या युजर-एजंटमध्ये (विनंती कोण करतंय ते सांगणाऱ्या ओळीत) आपला संपर्क द्या, म्हणजे काही गडबड झाली तर त्यांना कळवता येतं. एखादं पॅकेज मधल्या काळात काढून टाकलेलं असेल तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', असं उत्तर येईल. ते नोंदवा आणि पुढे चला, सगळी स्क्रिप्ट कोसळू देऊ नका.

आलेलं जेसन जसंच्या तसं, पॅकेजागणिक एक फाइल, असं डिस्कवर ठेवा. साफसफाई नंतर दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये करा. साफसफाईचे नियम तुम्ही खूपदा बदलणार आहात, आणि दर वेळी चार तास थांबायची कुणाचीच तयारी नसते.

पायरी ४: साफसफाई

या पायरीला वेळ द्या. पॅकेजचे कर्ते स्वतःबद्दल जे लिहितात ते शोधणाऱ्याच्या शब्दांत नसतं. टीक्यूडीएमचा एका ओळीचा सारांश पाहा: 'फास्ट, एक्स्टेन्सिबल प्रोग्रेस मीटर'. त्यात 'बार' कुठेच नाही. रिक्वेस्ट्सचा सारांश आहे 'पायथन एचटीटीपी फॉर ह्यूमन्स'. ब्यूटिफुलसूप४ स्वतःला 'स्क्रीन-स्क्रेपिंग लायब्ररी' म्हणवते. 'एचटीएमएल पार्सर' शोधणाऱ्याला नुसत्या सारांशावर ती सापडणारच नाही. टीक्यूडीएमला तिचे कीवर्ड वाचवतात, त्यात 'प्रोग्रेसबार'ही आहे आणि सुटा 'बार'ही. म्हणजे सारांश, कीवर्ड आणि वर्णन तिन्ही हवेत, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

साफ करताना या गोष्टी बघा. जुन्या पॅकेजेसच्या रिकाम्या रकान्यांत 'अननोन' हा शब्द अक्षरशः लिहिलेला सापडतो, तो काढा. कीवर्ड कुठे स्वल्पविरामानं तोडलेले असतात, कुठे नुसत्या जागेनं. वर्णन मार्कडाउनमध्ये असतं किंवा आरएसटीमध्ये, या मजकूर लिहिण्याच्या दोन खुणापद्धती. त्यातले बॅज, दुवे आणि कोडचे तुकडे उडवा. 'चेंजलॉग' शीर्षक आलं की तिथून खाली सगळं कापा. जुन्या प्रकल्पांच्या चेंजलॉगमध्ये जगातला प्रत्येक शब्द एकदा तरी येऊन गेलेला असतो आणि मग ते पॅकेज कुठल्याही प्रश्नाला 'मी आहे' म्हणून हात वर करतं. उरलेल्या मजकुरातली पहिली दोनेक हजार अक्षरं पुरेत.

एक रकाना इम्पोर्टच्या नावाचाही ठेवा. बसवताना पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल. बसवताना ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट करताना सीव्ही२. पायवायएएमएलचं वायएएमएल, सायकिट-लर्नचं एसकेलर्न. कुणाच्या तरी कोडमध्ये इम्पोर्टची ओळ दिसते आणि पॅकेजचं नाव माहीत नसतं, असं वारंवार होतं. व्हील फायली (पॅकेज ज्या रूपात उतरतं त्या) उघडून हे शोधता येतं, पण सुरुवातीला शंभरेक नेहमीच्या नावांची हातानं केलेली यादी भागवते.

पायरी ५: तक्ते

एक साधा तक्ता करा: नाव, सारांश, डाउनलोड, शेवटची तारीख, परवाना, स्थिती. त्याला जोडून शोधाचा तक्ता एफटीएस५ चा. एफटीएस५ हा एसक्यूलाइटमधला पूर्ण-मजकूर शोधाचा भाग, २०१५ मध्ये ३.९.० आवृत्तीत आला. नाव, इम्पोर्ट-नाव, कीवर्ड, सारांश आणि वर्णन असे पाच रकाने त्यात टाका. टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) म्हणून पोर्टर आणि त्याच्याखाली युनिकोड६१ निवडा. पोर्टर इंग्रजी शब्द मुळापर्यंत छाटतो, त्यामुळे 'पार्स' आणि 'पार्सिंग' एकत्र येतात. पण 'पार्सर' तो छाटत नाही, तसाच सोडतो. हे लक्षात ठेवा, सातव्या पायरीत कामी येईल.

युनिकोड६१ डॅशवर आणि अंडरस्कोरवर शब्द तोडतो, त्यामुळे 'सायकिट-लर्न' मधला 'लर्न' सुटा सापडतो. पण पीडीएफप्लंबरसारखं जोडनाव त्याला एकच शब्द वाटतं, म्हणून 'पीडीएफ' लिहून नावातला तुकडा सापडत नाही. यासाठी फक्त नावांचा दुसरा एक एफटीएस५ तक्ता करा, ट्रायग्रॅम टोकनायझरचा. तो शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून ठेवतो, म्हणून नावाच्या पोटातलाही भाग सापडतो. अट एवढीच की शोधशब्द किमान तीन अक्षरांचा हवा. ट्रायग्रॅम एसक्यूलाइट ३.३४ पासून आहे. तुमच्या पायथनसोबत आलेली आवृत्ती आधी छापून पाहा.

जुने आणि नवे तक्ते जुळवून ठेवणारे ट्रिगर वगैरे सुरुवातीला नको. १५,००० नोंदींची फाइल दर वेळी पुसून नव्यानं बांधली तरी चहा होईपर्यंत तयार असते.

पायरी ६: प्रश्न साफ करणे

वापरणाऱ्यानं टाइप केलेलं जसंच्या तसं 'मॅच' या एफटीएस५ च्या शोध-आज्ञेला दिलंत तर पहिल्याच दिवशी गाडी अडेल. 'सायकिट-लर्न' इंग्रजीत डॅशसकट लिहून बघा: एसक्यूलाइट म्हणतं, 'लर्न' नावाचा रकाना नाही! एफटीएस५ च्या प्रश्नभाषेत डॅशला वेगळा अर्थ आहे. उपाय सोपा आहे. प्रश्न रिकाम्या जागेवर तोडा, प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात घाला, आणि शब्दाच्या आतच दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहा.

'पायथन', 'लायब्ररी', 'पॅकेज', 'फॉर', 'हाऊ टू' हे शब्द प्रश्नातून गाळा. इथे सगळंच पायथनचं आहे, त्या शब्दानं काहीच निवडलं जात नाही.

मग दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत सगळे शब्द असलेलीच पॅकेजेस मागा. पाचपेक्षा कमी आली तर दुसऱ्या फेरीत कुठलाही एक शब्द असला तरी चालेल म्हणा. शेवटच्या शब्दाला तारा (*) लावला तर अर्धवट टाइप केलेलाही चालतो.

पायरी ७: वर कोण, खाली कोण

एफटीएस५ मध्ये बीएम२५ हे सूत्र आयतं आहे. शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त, मजकूर जितका लांब तितका त्यात शब्द सापडण्याचा मान कमी, असा त्याचा हिशोब. दुर्मिळतेची मूळ कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. वापरताना एक गंमत लक्षात ठेवायची: एसक्यूलाइट हा आकडा उणे देतं, म्हणजे जितका लहान तितका चांगला.

प्रत्येक रकान्याला वजन देता येतं. सुरुवात अशी करा: नाव १०, इम्पोर्ट-नाव १०, सारांश ५, कीवर्ड ४, वर्णन १. हे आकडे पवित्र नाहीत, पायरी १ मधली यादी ते ठरवेल.

आता लोकप्रियता. डाउनलोडचा आकडा सरळ मिळवलात तर कुठल्याही प्रश्नाला बोटो३ आणि युआरएललिब३ ही प्रचंड उतरवली जाणारी पॅकेजेस उत्तर म्हणून येतील. शिवाय हा आकडा माणसांनी निवडलेला नसतो. सर्टिफाय किंवा आयडीएनए कोट्यवधी वेळा उतरवलं जातं, कारण ते दुसऱ्या पॅकेजच्या शेपटीला बांधून येतं आणि चाचणी-यंत्रं ते दिवसरात्र पुन्हा पुन्हा बसवतात. म्हणून आकड्याचा १० च्या पायाचा लॉगरिदम घ्या. १० कोटींचे ८ होतात, १० हजारांचे ४. बीएम२५ चं चिन्ह उलटं करून त्यात या लॉगची निम्मी भर घाला. जुळणी सारखीच असेल तेव्हाच लोकप्रियतेनं पारडं झुकवावं, एरवी नाही. हातानं घातलेल्या पॅकेजेसना यादीतल्या शेवटच्या पॅकेजचाच आकडा द्या, म्हणजे ती तळाला जाणार नाहीत.

ताजेपणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शेवटची आवृत्ती दोन वर्षांपूर्वीची म्हणून गुण कापू नका. काही लायब्रऱ्यांचं काम पूर्ण झालेलं असतं, त्यांना हात लावायची गरजच नसते. तारीख निकालात ठळक दाखवा, ठरवणारा ठरवेल. पण ज्या खरोखरच संपल्या आहेत, त्यांची हातानं एक 'बदली' यादी ठेवा. नोजची शेवटची आवृत्ती २०१५ ची, पायथन ३.१० वर ती चालतच नाही, त्या जागी पायटेस्ट. पायक्रिप्टोची शेवटची २०१३ ची, त्या जागी पायक्रिप्टोडोम. फझीवझीचं नाव बदलून दफझ झालं. जुनं नाव शोधलं तर ते दाखवा, पण त्याच्या शेजारी नवं नाव छापा. या यादीच्या दहा-पंधरा ओळी एखाद्याचा अख्खा दिवस वाचवू शकतात.

मग समानार्थी शब्द. हे साठवलेल्या मजकुरात घालू नका, फक्त प्रश्नात वाढवा, म्हणजे यादी बदलली की तक्ते पुन्हा बांधावे लागत नाहीत. 'पार्सर' ला 'पार्स' जोडा, 'स्क्रेपर' ला 'स्क्रेप', 'एक्सेल' ला 'एक्सएलएसएक्स', 'ओसीआर' ला 'टेसरॅक्ट'. 'मराठी' किंवा 'देवनागरी' शोधणाऱ्यासाठी 'इंडिक' हा शब्द जोडाच. आपल्या उपयोगाच्या लायब्रऱ्या सारांशात एकेका भाषेचं नाव घेत नाहीत, 'इंडिक' किंवा 'इंडियन लँग्वेजेस' एवढंच म्हणतात.

पायरी ८: मोजणे

पहिल्या पायरीतली फाइल आता चालवा. अपेक्षित उत्तर पहिलं आलं तर १ गुण, दुसरं आलं तर अर्धा, तिसरं आलं तर एक तृतीयांश, पहिल्या दहात नसेल तर शून्य. सगळ्या प्रश्नांची सरासरी काढा. एका वेळी एकच वजन बदला, पुन्हा चालवा, सरासरी वाढली तरच बदल ठेवा. फक्त आकडा पाहू नका, कोणता प्रश्न घसरला तेही छापा. वर्णनाचं वजन वाढवल्यावर 'प्रोग्रेस बार' सुधारतो आणि 'रिट्राय' बिघडतो, अशी ओढाताण होतेच.

पायरी ९: निकाल दाखवणे

टर्मिनलमधली एक आज्ञा पुरेशी आहे. प्रत्येक निकालात नाव, सारांश, शेवटची तारीख, परवाना आणि बसवायचं व इम्पोर्टचं नाव वेगळं असेल तर दोन्ही. दहापेक्षा जास्त निकाल दाखवू नका. ऑफिसातल्या बाकीच्यांना ब्राउझरमध्ये हवं असेल तर डेटासेट (इंग्रजीत Datasette) नावाचं साधन एसक्यूलाइटची फाइल जशीच्या तशी वेबवर उघडून देतं.

निकालावरून थेट पॅकेज बसवायची सोय मात्र करू नका. पायपीआयवर फसव्या नावांची पॅकेजेस येत राहतात. २०१९ मध्ये जेलीफिश या लायब्ररीची नक्कल सापडली होती: नावातल्या पहिल्या लहान 'एल' च्या जागी मोठं 'आय' घातलेलं, कित्येक फाँटमध्ये डोळ्यांना फरकच दिसू नये असं. आता एआयनं सुचवलेल्या कोडमध्ये अस्तित्वातच नसलेली नावं येतात, आणि तीच नावं नोंदवून कुणीही सापळा लावू शकतो. इथे आपली छोटी यादी उपयोगी पडते. विचारलेलं नाव यादीत नसेल पण एखाद्या प्रसिद्ध नावापासून एका अक्षराच्या अंतरावर असेल, तर साधनानं तसं स्पष्ट सांगावं.

अर्थावरून शोध, म्हणजे एम्बेडिंग, हवं का? प्रत्येक मजकुराचा अर्थ ३८४ आकड्यांत मांडणारं एक लहान मॉडेल घेतलं तर १५,००० पॅकेजेसचे सदिश, म्हणजे या आकड्यांच्या रांगा, साधारण २३ एमबीत मावतात. त्यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस उभारायची काहीच गरज नाही, नमपाय या गणिती लायब्ररीतला एक गुणाकार पुरतो. पण समानार्थी शब्दांची फाइल नीट भरल्यावरही सरासरी अडली असेल, तरच तिकडे वळा.

पायरी १०: ताजं ठेवणे आणि स्वतःच्या नोंदी

दर आठवड्याला पुन्हा १५,००० विनंत्या नकोत. 'सिंपल' पत्त्यावरच्या जेसन यादीत प्रत्येक प्रकल्पापुढे शेवटच्या बदलाचा एक क्रमांक असतो. तो साठवून ठेवा, पुढच्या वेळी यादी एकदाच आणा आणि ज्यांचा क्रमांक बदललाय तेवढीच पॅकेजेस पुन्हा उतरवा.

शेवटी एक रकाना स्वतःच्या टिपणांसाठी ठेवा: कुठल्या प्रकल्पात वापरलं, कुठे अडलं, काय पर्याय घेतला. तो मराठीत लिहिणार असाल तर टोकनायझरकडे लक्ष द्या. युनिकोड६१ मूळ सेटिंगमध्ये फक्त अक्षरं आणि अंक धरतो. काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. त्यामुळे 'मराठी' चे तुकडे 'मर' आणि 'ठ' असे पडतात, 'मराठा' चेही तेच, आणि एक शोधलं की दुसरंही हजर होतं. टोकनायझरला 'कॅटेगरीज' नावाचा पर्याय आहे. त्यात मूळच्या वर्गांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे (काना-मात्रांसारख्या जोडचिन्हांचे) दोन वर्ग लिहिले की शब्द अखंड राहतात. पोर्टर मराठीला हात लावत नाही, तेव्हा 'फाइल' शोधताना 'फाइलमध्ये', 'फाइलचा' हेही हवे असतील तर शब्दापुढे तारा द्यायचा. 'तक्ता' आणि 'तक्त्यात' यांच्यासारखं सामान्यरूप बदललं की ताराही पुरत नाही. ते दोन्ही शब्द समानार्थींच्या फायलीत एका ओळीवर टाकून द्या.